लाईट-पाणी धरून

या सदरातले अनुभव मी नेहमी वाचते, पण खरं सांगायचं तर चहा पिता पिता, चुका काढत वाचते. अमावस्येच्या रात्री चेहरा कसा दिसला, लाईट गेली होती तर पंखा कसा फिरत होता... असल्या चुका. त्यामुळे स्वतः इथे लिहायची वेळ येईल असं मला वाटलं नव्हतं. आमच्या घरात अंगारा, उतारा, बाबा-बुवा हे सगळं माझ्या सासऱ्यांनी धम्माची दीक्षा घेतली त्या दिवशी बंद झालं, ते आजतागायत बंदच आहे. शिवाय माझा धंदा यंत्राचा. फुलसावंगीत आमची पिठाची चक्की आहे. आधी सासरे चालवायचे, मग आमचे हे, आणि खरं पाहिलं तर मीच. पट्टा घसरला, फ्यूज उडाला, बेअरिंग गेलं तर मला दुसऱ्या खोलीतून कळतं. यंत्र वेगळा आवाज करतं तेव्हा त्याला कारण असतं. एवढं एक वाक्य मी आयुष्यभर खरं धरून चालले. खाली लिहिलेलं तेवढं एक सोडून.

गोष्ट कापसाच्या त्या वाईट वर्षांतली आहे. तेव्हा आमच्या जिल्ह्यात काय चाललं होतं ते सगळ्यांनी पेपरात वाचलेलं आहे, मी पुन्हा सांगत नाही. माझ्यापुरतं सांगायचं तर जवळचं जिनिंग बंद पडलं, लोक पायलीच्या जागी दोन किलोचं दळण आणू लागले, आणि दुपारनंतर चक्कीचं दार नुसतं उघडं असायचं. त्याच वर्षी आमची वैशाली पहिलटकरीण होती.

आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात मी तिला आणली आणि आठ दिवसांत तिचे पाय असे सुजले की चपलेच्या अंगठ्यात बोट जाईना. पुसदच्या डॉक्टरीणबाईंनी बीपी पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि मला बाहेर बोलावून म्हणाल्या की हिला झटके येऊ शकतात. डोकं दुखलं, डोळ्यांपुढे चमकलं तर तासाभरात मोठ्या दवाखान्यात पाहिजे. लहान बाळाची काचेची पेटी आहे अशा ठिकाणी. फुलसावंगीहून यवतमाळ म्हणजे एसटीने चार तास, जीप केली तरी अडीच. मी हिशेब केला तो एवढाच — तेवढा वेळ आपल्याकडे नाही. मुलगी माहेरी बाळंत व्हायची असेल तर माहेरच उचलून यवतमाळला न्यायचं. जावई औरंगाबादला कंपनीत, त्यांना सुटी नाही. ह्यांनी चक्की सांभाळायची, मी आणि वैशू जायचं.

आमचे हे चक्कीचं सामान आणायला यवतमाळला जात, त्यामुळे हमीदभाईंची ओळख होती. त्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान, आणि दुकानामागच्या गल्लीत दुमजली घर. खाली ते आणि त्यांची बायको नसीमभाभी. दोन मुली लग्न होऊन गेलेल्या. वरचा ब्लॉक भाड्याचा. दोन खोल्या, ओटा, मोरी-संडास, बाहेरून जिना. मोठा दवाखाना ऑटोने सात-आठ मिनिटांवर. मी ऑटोला बसून मोजली होती मिनिटं.

"लाईट-पाणी धरून किराया, ताई," हमीदभाई म्हणाले. "मीटरची झंझट नाही, पाण्याची झंझट नाही. तुमी फक्त पोरीकडे पाहा."

एप्रिल महिना होता. यवतमाळात नळ आठ-दहा दिवसांनी यायचा. लोक चादरी धुणं पुढे ढकलत होते. अशा वेळी पाणी धरून भाडं... मी दोनदा विचारलं. त्यांनी मला मागच्या अंगणात नेऊन विहीर दाखवली, विहिरीजवळ पत्र्याच्या पेटीत बसवलेली मोटर दाखवली, आणि वर बोट केलं. जिन्याच्या खोलीवर एक काळी प्लास्टिकची टाकी. ही तुमची, एकट्या तुमच्या ब्लॉकची. आमची वेगळी. बटण आम्ही खालून दाबू, तुमी नळ सोडा की झालं.

मी राहायला आले.

आता जे लिहिते ते जसं झालं तसं, क्रमाने लिहिते.

पहिले चार-पाच दिवस दुपारी बारा वाजता मोटर चालू व्हायची, वीसेक मिनिटं चालायची आणि बंद. टाकी भरायची. पाचव्या-सहाव्या दिवशी आवाजात चीं... अशी बारीक किनार आली. बेअरिंग. मी मनाशी म्हटलं, हा माणूस दुनियेच्या मोटरी दुरुस्त करतो आणि घरचीकडे पाहत नाही. पुढे एकदा जिन्यात भेटले तेव्हा मी सांगितलं, की भाऊ, तुमच्या मोटरचं बेअरिंग गेलं आहे.

"मालूम आहे ताई," ते म्हणाले. "पण सीझन आहे न, लोकाइच्या मोटरी पयले. आपली होऊन जाईन आठ-दहा दिवसांत."

मी मान हलवली. यात मला काहीच विचित्र वाटलं नाही. हे संभाषण लक्षात ठेवा.

दिवस जात होते ते वैशूच्या पायांकडे पाहण्यात. सकाळी उठल्यावर तिच्या नडगीवर अंगठा दाबायचा आणि खड्डा किती वेळ राहतो ते पाहायचं, हा माझा रोजचा उद्योग. तिला त्याचा राग यायचा. "आई, मी काय कणीक आहे का?" म्हणायची. तिचा स्वभाव बापासारखा, हसून नेणारा. दर सोमवारी दवाखाना, बीपी, वजन, लघवीची तपासणी. बीपी एकदा खाली यायचं, दोनदा वर जायचं. मीठ बंद, जिना बंद, वाकणं बंद. पूर्ण आराम, म्हणाल्या होत्या डॉक्टर.

आणि माझी एक सवय इथे सांगायलाच पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. त्या ब्लॉकच्या दाराची आतली कडी फार घट्ट होती. वाकून, दोन्ही हातांनी जोर लावून ओढावी लागायची. म्हणून मी बाजारात, दवाखान्यात, मेडिकलमध्ये जाताना बाहेरून कुलूप लावून जायची. वैशूला उठायला नको, कडी ओढायला नको. नसीमभाभींनी पहिल्याच आठवड्यात हटकलं.

"दीदी, कुलूप काहून लावून राह्यल्या? पोट्टी अंदर आहे न."

मी कडीचं सांगितलं. अर्ध्या तासात येते म्हटलं.

"मंग चाबी मले देऊन जात जा."

मी हो म्हटलं आणि दिली नाही. त्या बाईंबद्दल काही मनात होतं असं नाही, फार सरळ बाई. पण चक्कीची चावी मी कधी नवऱ्यालाही सहज दिली नाही. चावी कमरेलाच, ही माझी वर्षानुवर्षांची रीत. मोडवली नाही, बस.

मे उजाडला. ऊन असं की जिन्याच्या लोखंडी कठड्याला हात लावता येत नव्हता. वैशू पडून पडून कंटाळली होती आणि मी रिकामी बसू शकत नाही, म्हणून मी कुरडया करायला घेतल्या. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा... ज्यांनी केल्या आहेत त्यांना माहीत आहे की याला पाणी किती लागतं. मी बादल्यांनी वापरलं. माझा नळ कायम चालू होता, टाकी कधी रिकामी झाली नाही. गल्लीतल्या एक-दोन बायकांनी मोरीच्या पाइपातून पडणारं पाणी पाहिलं आणि म्हणाल्या, तुमची तर मजा आहे बाप्पा, अशा दिवसांत कुरडया. मी म्हटलं, पाणी भाड्यातच आहे.

खाली नसीमभाभींच्या दारात हंडे ओळीने लावलेले असायचे आणि त्या लोट्याने पाणी घ्यायच्या. मला ते दिसत होतं. मला वाटलं, यांना काटकसरीची सवय असेल. दोन बादल्या खाली नेऊन देऊ का असं विचारलंही. त्या "राहू द्या दीदी, पोरीले लागते," एवढंच म्हणाल्या, पण जरा तोडून. मला वाटलं, उन्हाने चिडल्या असतील.

मग लोडशेडिंगचं वेळापत्रक बदललं. आधी सकाळी आणि संध्याकाळी जायची ती लाईट आता सकाळी दहा ते दुपारी तीन जाऊ लागली. त्या पहिल्याच दिवशी मी वैशूला हातपंख्याने वारा घालत बसले होते. बारा वाजले. आणि मागच्या अंगणात मोटर चालू झाली. तीच, चीं करणारी.

मी वर पाहिलं. पंखा थांबलेला. बटण दाबून पाहिलं, बल्ब नाही. गल्लीत कुठे टीव्ही नाही, रेडिओ नाही. आणि मोटर चालू.

माझ्या डोक्यात काय आलं ते सांगते. भूत नाही आलं. मला वाटलं, हमीदभाई वायरिंगचा माणूस, दुकानाकडून दुसऱ्या लाईनवरून वायर ओढली असेल, किंवा दुकानात जनरेटर असेल. चोरीची लाईन असेल तर आपण कशाला बोला. पण दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच, आणि मला बरं वाटेना. मी वैशूला विचारलं, लाईट नसताना दुपारी ही मोटर कशी चालते गं?

ती डोळे मिटून पडली होती. म्हणाली, "कोणती मोटर?"

"आत्ता चालू आहे ती."

तिने ऐकल्यासारखं केलं. मग म्हणाली, "आई, तुले चक्की सपनात येऊन राह्यली." आणि हसली.

मी खाली जाऊन अंगणात पाहिलं. पत्र्याच्या पेटीला कुलूप. मी पेटीजवळ उभी राहिले तेव्हा आवाज नव्हता. जिना चढून वर आले तर बंद होतानाचा शेवटचा घरघराट कानावर आला. तुम्ही म्हणाल तिथेच कोणाला विचारायचं. पण त्या सोमवारी वैशूचं बीपी वर गेलं होतं, डॉक्टरांनी गोळी वाढवली होती, आणि माझ्या डोक्यात मोटरीला जागा नव्हती. पाणी येत होतं. पाणी येतं आहे तोवर पाणी कुठून येतं हे कोण विचारतं? भाड्यात धरलेली गोष्ट माणूस मोजत नाही.

तो दिवस मंगळवार होता. आदल्या दिवशी लघवी आणि रक्त तपासायला दिलं होतं, रिपोर्ट मंगळवारी मिळणार होता. सकाळी वैशूने डोकं जड आहे म्हटलं. दुखतं का? नाही, जड आहे. डोळ्यांपुढे काही? नाही. मी तिला पेज दिली, उशाशी पाणी ठेवलं. कुरडयांचा शेवटचा घाणा सकाळीच घातला होता. गच्चीवर वानरं राहू देत नाहीत, म्हणून दाराच्या आत, उंबरठ्याला लागूनच जुनं धोतर अंथरून त्यावर. ओल्याच होत्या, पांढऱ्या, पंचवीस-तीस. त्यांच्यावरून पाय टाकून मी बाहेर पडले, कुलूप लावलं, चावी कमरेला खोचली. साडेदहा झाले होते. अर्ध्या तासात रिपोर्ट घेऊन यायचं, मग तो डॉक्टरांना दाखवायचा, असं ठरवलं होतं.

लॅबमध्ये गर्दी. लाईट नसल्याने मशीन बंद, आदल्या दिवसाचे अर्धे रिपोर्ट तसेच राहिलेले. तिथला माणूस म्हणाला की आज लवकर येणार आहे लाईट, ज्यांना पाहिजे त्यांनी थांबा, नंबराने देतो. मी नंबर लावून बसले. साडेअकरा झाले, बारा झाले, साडेबारा झाले. एक वाजायच्या सुमारास लाईट आली, माझा रिपोर्ट निघाला, आणि तो पाहताना त्या माणसाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्यावरून मला कळलं. मी ऑटो केली.

गल्लीच्या तोंडाशी ऑटो थांबली आणि मला आमचा जिना दिसला. जिना ओला होता. वरपासून खालपर्यंत, प्रत्येक पायरी. मे महिन्यात, त्या उन्हात, पाणी खाली येऊन गल्लीच्या नालीपर्यंत गेलेलं. वर दार सताड उघडं. कुलूप तुटून पायरीवर पडलेलं. आत वैशू नाही.

समोरच्या घरातली म्हातारी ओट्यावरून म्हणाली, "दवाखान्यात नेली बाई. हमीदने नेली. झटके येत होते."

पुढचं दवाखान्यात कळलं, तुकड्या-तुकड्याने, नसीमभाभींकडून. बाराच्या जरा नंतर त्या दारात भाजी निवडत बसल्या होत्या आणि जिन्यावरून पाणी यायला लागलं. आधी थेंब, मग धारच. त्यांना असा राग आला, म्हणाल्या, की आम्ही इथे लोट्याने पाणी घेतो आणि ही बाई वर नळ चालू सोडून बाजारात गेली. तणतणत वर गेल्या. दाराखालून पाणी वाहत होतं. कुलूप पाहून आणखी चिडल्या, मग वैशूला हाक मारली. उत्तर नाही. पण आत लोखंडी खाटेचा आवाज येत होता... खड् खड् खड्, एकसारखा.

"तो आवाज मले बरा नाही वाटला दीदी," एवढंच त्या म्हणाल्या.

त्या जिन्यावरून ओरडल्या, हमीदभाई दुकानातून हातोडा घेऊन धावत आले, दोन घावांत कुलूप तोडलं. वैशू खाटेवर ताठ, तोंडाला फेस. हमीदभाईंनी तिला मुलीसारखी उचलली, ऑटोत घातली. सात-आठ मिनिटं. डॉक्टर म्हणाल्या, अर्धा तास उशीर झाला असता तर आम्ही तुम्हाला आई-बाळ दोघांपैकी कोणाचंही काही सांगू शकलो नसतो. ताबडतोब सिझेरियन केलं. मुलगी झाली, पावणेदोन किलोची. पेटीत ठेवली.

दहा दिवस मी दवाखान्यातच होते. घरी कपडे आणायलासुद्धा नसीमभाभी जायच्या. तुटक्या कुलपाच्या जागी त्यांनी स्वतःचं कुलूप लावलं होतं. त्या दहा दिवसांत मला मोटर आठवली नाही, पाणी आठवलं नाही. मी नळ चालू सोडला असेन, मोरी भरून वाहिली असेल, असं धरून चालले होते. वैशू तिसऱ्या दिवशी मला ओळखून हसली, बाळाने नवव्या दिवशी चमच्याने दूध घेतलं.

अकराव्या दिवशी सकाळी मी एकटीच ब्लॉकवर आले, झाडून-पुसून ठेवायला. दार उघडलं आणि उंबरठ्यावरच थांबले.

कुरडया. धोतरावर, जशा घातल्या होत्या तशा. खडखडीत वाळलेल्या, पांढऱ्याशुभ्र, एकीचाही आकार बिघडलेला नाही. हमीदभाईंच्या चपलेखाली आलेल्या दोन-तीन तेवढ्या चुरडलेल्या. ज्यांनी कुरडया केल्या आहेत त्या बायकांना मी काय सांगते ते कळेल. ओल्या कुरडईवरून पाणी गेलं तर तिचा लगदा होतो. धोतराला चिखलाचा, पाण्याचा डाग पाहिजे. काही नाही. आणि त्या दाराला लागून होत्या. दाराखालून पाणी बाहेर गेलं असेल तर त्यांच्यावरूनच गेलं पाहिजे. दुसरा रस्ता नाही.

मोरीत गेले. नळ बंद होता, घट्ट. सोडला. फुस्स अशी हवा आली. ओट्यावरचा सोडला, तेच.

मी खाली गेले. हमीदभाई दुकानात निघाले होते, भाभी दारात. मी म्हटलं, भाऊ, जरा मोटर लावा, टाकी रिकामी झाली.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग हमीदभाई म्हणाले, "ताई, मी तुमाले विचारणारच होतो. तुमी पाणी आणत कुठून होत्या?"

मी म्हटलं, म्हणजे?

"मोटर तर दुकानात आहे. तुमी आल्या त्याच्या आठ दिवसांत काढून नेली मी. बेअरिंग जाऊन आतून जळली. आता सीझन, लोकाइचं काम आधी, आपली तशीच खोलून पडली आहे. आणि विहिरीत बी काय आहे, गाळ आहे." त्यांनी मान खाली घातली. म्हणाले, मी तुम्हाला तोंड दाखवू शकत नव्हतो, पाणी धरून पैसे घेतले आणि पाणी दिलंच नाही. पण तुम्ही तक्रार केली नाही म्हणून मला वाटलं की ही — त्यांनी भाभींकडे बोट केलं — ही आपल्या जवळच्या पैशातून तुमच्या टाकीत टँकर टाकून राह्यली, पोटुशी पोरगी आहे म्हणून. म्हणून मी चूप होतो.

"मी?" भाभी म्हणाल्या. "मले तर वाटलं तुमी मोटर सुधरवली! माह्या घरात लोटे मोजून पाणी, आन् किरायादाराले मोटर. महिनाभर मी बोलली नाही तुमच्याशी त्याच्यासाठी."

मोटर बिघडल्याचं त्यांना माहीत होतं, पण ती काढून नेली तेव्हा त्या बाभुळगावला बहिणीकडे गेल्या होत्या. पेटीला कुलूप, आत पाहायचं कारणच नाही. दोघंही एका घरात राहून महिनाभर एकमेकांना आपल्यापेक्षा मोठ्या मनाचे समजत होते, आणि त्या रागात, त्या कौतुकात कोणी एक शब्द विचारला नाही. मीही नाही. मी जिन्यात बेअरिंगचं बोलले तेव्हा मोटर दुकानात उघडून ठेवलेली होती आणि "होऊन जाईन" म्हणजे ते तिच्याबद्दलच बोलत होते.

मी विचारलं, बारा वाजता आवाज यायचा तो? नसीमभाभींनी कधी ऐकला नव्हता. हमीदभाई जिन्याकडे निघाले. आम्ही तिघं गच्चीवर गेलो. जिन्याच्या खोलीला लावलेल्या शिडीवरून ते टाकीपर्यंत चढले, झाकण काढलं, आणि बराच वेळ आत पाहत राहिले. मग खाली उतरले आणि मला म्हणाले, तुम्हीच पाहा.

मी चढले. टाकीच्या तळाला गाळ वाळून त्याला भेगा पडल्या होत्या, शेतात पडतात तशा. त्यावर एक मेलेली पाल, ती पण वाळून कागद झालेली. दहा-अकरा दिवसांचं वाळणं ते नव्हतं.

मी सोडणारी नाही. प्लंबर आणला, पाइप दाखवला. कुठे शेजारच्या टाकीला जोड आहे का, नगरपालिकेच्या लाईनला आहे का. नाही. तो पाइप त्या एका टाकीतून निघतो आणि माझ्या दोन नळांना येतो, संपलं. नसीमभाभींचं मत असं की अल्लाहने कोणाला तरी पाठवलं होतं. समोरच्या म्हातारीचं वेगळं मत होतं, ते मी ऐकून घेतलं नाही. हमीदभाई भाड्यातून पाण्याचे पैसे परत करायला निघाले. मी म्हटलं, भाऊ, पाणी मिळालं मला. कोणी दिलं ते तुम्ही ठरवा. ते पैसे त्यांनी माझ्या हातात नाही, बाळाच्या मुठीत ठेवले.

जूनमध्ये पाऊस पडायच्या आधी त्यांनी मोटरचं वाइंडिंग भरून, नवीन बेअरिंग टाकून ती परत बसवली. मी मुद्दाम अंगणात उभी राहून ऐकली. स्वच्छ आवाज. ती चीं मी पुन्हा ऐकली नाही. बाळ अडीच किलोचं झालं आणि आम्ही फुलसावंगीला परतलो. नात आता कॉलेजात जाते, आजीच्या कुरडया तळून खाते, तिला यातलं अर्धंच माहीत आहे. तुटकं कुलूप माझ्या कपाटात आहे. घरात माणूस असताना बाहेरून कुलूप मी त्यानंतर कधी लावलं नाही, आणि आमच्या घरच्या दोन चाव्या शेजारी असतात.

इथे थांबले असते. पण वर लिहिताना एक गोष्ट मी गाळली, आणि ती गाळून बाकीचं पाठवणं बरोबर नाही. वैशूला मी ती अजून सांगितलेली नाही. ती हे वाचेल तेव्हा तिला कळेल.

त्या मंगळवारी मी लॅबच्या बाकावर बसले होते. लाईट नव्हती. सगळीकडे शांत, लोक कागदांनी वारा घेत होते. आणि मला मोटर ऐकू आली. घरापासून दीड-दोन किलोमीटरवर, भिंतीच्या पलीकडे असावी इतकी जवळ, तीच बारीक चीं असलेली. मी त्या माणसाला विचारलं, तुमचा जनरेटर चालू झाला का?

"जनरेटर कुठला बाई," तो म्हणाला. "जनरेटर असता तर तुमाले बसवलं असतं का इतका वेळ?"

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बारा वाजले होते. रोजची वीस मिनिटं झाली तरी ती थांबली नाही. उलट वाढली. मी अर्धी उठले... कुलूप, चावी, जड डोकं, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढे आलं. आणि मी परत बसले. पुढे चारच माणसं होती.

पाणी कुठून आलं, मोटर कोणती चालत होती, कुरडया कोरड्या कशा राहिल्या, याचं उत्तर माझ्याकडे नाही. कोणाकडे असेल तर मला खरंच पाहिजे आहे. पण मी का उठले नाही, याचं उत्तर मला माहीत आहे. माझा नंबर गेला असता.